पुडीवरचं शून्य

कॉफीत मिसळायची सुक्रालोजची पुडी साधारण एक ग्रॅमची असते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असल्यामुळे दोन चमचे साखरेची गोडी आणायला त्याचे १२ मिलिग्रॅम पुरतात. मग उरलेले ९८८ मिलिग्रॅम कशाचे? अमेरिकेत मिळणाऱ्या पिवळ्या पुडीच्या खोक्यावर त्याचं उत्तर बारीक अक्षरांत दिलेलं असतं : डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चची लांब साखळी तोडून केलेले आखूड तुकडे. पोटात गेल्यावर त्यांचं पाहता पाहता ग्लुकोज होतं. दोन्ही कर्बोदकंच. आणि त्याच खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : कॅलरी शून्य.

यात कुठलाही कायदा मोडलेला नाही. हे शून्य नियमानुसारच छापलेलं आहे, आणि म्हणूनच त्याचा माग काढायला हवा. या एवढ्याशा आकड्यामागे गुरांच्या चाऱ्यावर काम करणारं एक जर्मन केंद्र आहे, सेंट पीटर्सबर्गमधला एक रसायनतज्ज्ञ आहे, आफ्रिकेतला दुष्काळ आहे, ब्रुकलिनमधलं एक उपाहारगृह आहे आणि वॉशिंग्टनमध्ये ठरलेली एक नियमावली आहे. लो-कार्ब आहार पाळणाऱ्याला, आणि त्याहून अधिक ज्याचं इन्सुलिन ताटातल्या ग्रॅमवर ठरतं त्याला, ही वंशावळ माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वजाबाकीतून आलेला आकडा

१८६० च्या दशकात जर्मनीत ग्यॉटिंगेनजवळ वेंडे इथल्या शेतकी प्रयोग केंद्रात विल्हेल्म हेनेबर्ग आणि फ्रिडरिश स्टोमान यांच्यापुढे प्रश्न होता तो चाऱ्याचा कस ठरवण्याचा. त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी : चारा वाळवायचा, वजनात येणारी घट म्हणजे पाणी. जाळायचा, उरलेली राख म्हणजे खनिजं. ईथरमध्ये विरघळतो तो स्निग्धांश. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज करायचा. आम्लात आणि अल्कलीत उकळूनही जो चोथा राहतो तो तंतू. या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा करायची. जी बाकी उरेल तिच्यात स्टार्च, साखर आणि त्यांच्या जवळपासचं सारं काही.

पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डालने नायट्रोजन मोजण्याची भरवशाची रीत शोधली. नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं काढायची प्रथा रुळली. वजाबाकीतली एक संख्या पक्की झाली, पण बाकी ती बाकीच राहिली.

ही रीत माणसाच्या अन्नाला मोठ्या प्रमाणावर लावली विल्बर अ‍ॅटवॉटरने. म्युनिकमध्ये कार्ल फॉइटच्या प्रयोगशाळेत काम शिकून आलेला हा अमेरिकी रसायनतज्ज्ञ कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक होता. एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीने त्याने माणूस आत राहू, झोपू, व्यायाम करू शकेल अशी उष्णतामापक खोली बांधली आणि खाल्लेल्या अन्नाची शरीरात किती ऊर्जा होते ते मोजलं. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅमला ९, कर्बोदकांच्या ग्रॅमला ४, हे आज शाळेच्या पुस्तकात असणारे आकडे त्याच्या कामातून आले. १८९६ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने त्याचे आणि चार्ल्स वुड्सचे अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातही कर्बोदकांचा रकाना वजाबाकीनेच भरलेला होता.

घरखर्चाच्या वहीत ज्याचा हिशेब लागत नाही तो खर्च ‘किरकोळ’ म्हणून लिहितात, तसं कर्बोदकांचं झालं. पाणी मोजताना झालेली चूक, प्रथिनांच्या अंदाजातली तफावत, यांतलं काहीही निस्तरावं लागलं नाही. सगळं या शेवटच्या रकान्यात जमा होत गेलं. अमेरिकेतल्या पाकिटांवरचं एकूण कर्बोदक आजही कायद्याने याच वजाबाकीने काढलं जातं.

पेयांच्या बाबतीत याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. लिंबाच्या स्वादाच्या पुडीत सायट्रिक आम्ल भरपूर असतं. ते पाणी नाही, राख नाही, प्रथिन नाही, स्निग्धांश नाही. म्हणून वजाबाकीत ते कर्बोदकांत जाऊन बसतं, जरी त्याने रक्तातली साखर वाढत नसली तरी. ताकातल्या लॅक्टिक आम्लाचंही तेच. म्हणजे या रकान्यात नसलेलं कर्बोदक दिसू शकतं. आणि असलेलं लपू कसं शकतं, ते पुढे येईलच.

रुग्णाला हवा असलेला आकडा

अंदाजाची बाकी चालणार नाही असं ज्यांनी ठामपणे म्हटलं, त्यांत रॉबिन लॉरेन्स हा लंडनचा डॉक्टर पुढे होता. तो स्वतः मधुमेही. १९२० मध्ये निदान झालं तेव्हा या आजारावर औषध नव्हतं. मरण घरच्यांच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला आणि तिथेच जमेल तशी डॉक्टरकी करू लागला. १९२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून त्याला निरोप गेला की इन्सुलिन आलं आहे, लगेच ये. तो परतला, जगला आणि त्याने आपलं उरलेलं आयुष्य मधुमेहींसाठी वेचलं. १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत त्याने ब्रिटिश मधुमेही संघटना उभी केली.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला पुढ्यातल्या अन्नात किती ग्रॅम कर्बोदक आहे ते कळावं लागतं. कमी धरलं तर साखर चढते, जास्त धरलं तर ती इतकी उतरते की शुद्ध हरपते. पालेभाज्यांच्या आणि फळांच्या बाबतीत वजाबाकीचा आकडा फसवा होता, कारण त्यात न पचणारा चोथाही मोजला जात होता. लॉरेन्सने रॉबर्ट मॅकॅन्स या तरुण संशोधकाला थेट मोजणीच्या कामाला लावलं. १९२९ मध्ये दोघांचा अहवाल आला आणि त्यात एक नवी विभागणी होती : शरीराला उपलब्ध होणारं कर्बोदक आणि न होणारं. मॅकॅन्सने पुढे एल्सी विडोसन हिच्यासोबत १९४० मध्ये अन्नघटकांचं जे पुस्तक काढलं, ते ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

अटलांटिकच्या दोन काठांवर असे दोन हिशेब सुरू झाले. ब्रिटन-युरोपच्या पाकिटावर कर्बोदकांत तंतू धरत नाहीत. अमेरिकेच्या पाकिटावर धरतात आणि खाली वेगळे दाखवतात. एकाच पावाचा आकडा दोन देशांत दोन येतो तो यामुळे.

आपल्याकडचे आकडेही याच घराण्यातले. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या तक्त्यांची पुस्तिका काढली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्या जुन्या तक्त्यांत ज्वारीचं कर्बोदक १०० ग्रॅमला ७२.६ ग्रॅम होतं, कारण वजाबाकीत धरलेला तंतू फक्त १.६ ग्रॅम, म्हणजे वेंडेच्या पद्धतीने उकळून उरलेला चोथा. २०१७ च्या नव्या तक्त्यांत आहारातील सगळे तंतू मोजले. ते १० ग्रॅमच्या वर भरले आणि कर्बोदकाचा आकडा ६७.७ च्या आसपास उतरला. भाकरी तीच. कशाला काय म्हणायचं ते बदललं आणि मधुमेह्याच्या हिशेबात पाच ग्रॅमचा फरक पडला.

डिंकाच्या जागी स्टार्च

आता पुडीच्या आतल्या ऐवजाकडे वळू. १८११ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये गॉटलीब किर्शहोफ नावाचा रसायनतज्ज्ञ चिनी मातीच्या कामात लागणाऱ्या डिंकाला स्वस्त पर्याय शोधत होता. त्याने स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळलं. डिंकासारखा चिकट पदार्थ हवा होता, हाती आला गोड पाक. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे युरोपात उसाची साखर महाग झालेली असताना हा शोध मोलाचा ठरला. स्टार्चची साखळी तोडता येते, आणि कितपत तोडायची ते आपल्या हातात असतं, हे त्यातून कळलं. पूर्ण तोडलं की ग्लुकोज. अर्ध्यात थांबलं की ना धड पीठ, ना धड साखर असा पांढरा, जवळजवळ बेचव, थंड पाण्यातही विरघळणारा भुगा. तेच आजचं माल्टोडेक्स्ट्रिन.

बेचव असणं हाच त्याचा मोठा गुण ठरला. संत्र्याचा, व्हॅनिलाचा, वेलचीचा स्वाद म्हणजे मुळात उडून जाणारी तेलं. ती कोरड्या पुडीत टिकवायची तर त्यांना कशात तरी कोंडावं लागतं. त्यासाठी ती वाहक पदार्थाच्या पाण्यातल्या द्रावणात घुसळतात आणि गरम हवेच्या झोतात फवारतात. पाणी क्षणात उडतं आणि तेलाचे थेंब वाहकाच्या कवचात बंद होऊन भुकटीच्या रूपाने खाली पडतात. फवारून वाळवण्याच्या या तंत्राचं पहिलं अमेरिकी पेटंट सॅम्युअल पर्सीने १८७२ मध्येच घेतलं होतं. अशा भुकटीत स्वादाचं तेल साधारण पाचवा हिस्सा असतं. उरलेलं सगळं कवच.

हे कवच पूर्वी मुख्यतः डिंकाचं असे. सुदान आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा साहेल पट्टा हे त्याचं आगर. बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा तो डिंक. १९७० च्या दशकात साहेलमध्ये भीषण दुष्काळ पडला, डिंकाचा पुरवठा आटला, भाव चढले. कारखान्यांनी स्टार्चपासून केलेल्या पर्यायांकडे मोर्चा वळवला. किर्शहोफने शोधायला घेतलेला डिंकाचा पर्याय दीडशे वर्षांनी, वेगळ्याच कामासाठी, असा बाजारात स्थिरावला.

या अदलाबदलीत काय घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. डिंक आपल्या लहान आतड्यात पचत नाही. तो तंतूंत मोडतो. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र पचतं, आणि रक्तातली साखर जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने चढवतं. तरीही पाकिटावर ‘साखर’ या रकान्यात ते येत नाही, कारण त्या रकान्यात फक्त एक किंवा दोन एककांच्या शर्करा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनचे तुकडे त्याहून लांब. साखर शून्य आणि तरीही रक्तातली साखर वाढवणारं, असं पेय म्हणूनच शक्य होतं.

एक ग्रॅमची पुडी

सॅकरिन १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेम्सेनच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फाह्लबर्गला सापडलं. पुढची पाऊणशे वर्षं ते गोळ्यांच्या नाहीतर थेंबांच्या रूपात, बहुतेक मधुमेहींच्या कपाटात राहिलं. त्याला हॉटेलच्या टेबलावर आणलं बेंजामिन आयझेनस्टाटने. ब्रुकलिनच्या आरमारी गोदीसमोर त्याचं उपाहारगृह होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर गिऱ्हाईक आटलं तेव्हा त्याने तिथे चहाच्या पिशव्या भरायची यंत्रं बसवली आणि पुढे त्याच यंत्रांवर साखरेच्या पुड्या भरल्या. १९५७ मध्ये मुलगा मार्व्हिन याच्यासोबत त्याने सॅकरिनची गुलाबी पुडी काढली.

अडचण एकच होती. चमचाभर साखरेची गोडी देणारं सॅकरिन इतकं कमी असतं की पुडी रिकामीच वाटेल आणि यंत्राला ते भरता येणार नाही. म्हणून भर हवी होती, दाणेदार, पांढरी, सहज विरघळणारी. अमेरिकेत आज मिळणाऱ्या त्या गुलाबी पुडीत ही भर डेक्स्ट्रोजची आहे. १९८२ मध्ये आलेल्या अ‍ॅस्पार्टेमच्या निळ्या पुडीतही डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन.

पिवळ्या पुडीच्या कथेत एक मराठी आडनाव येतं. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण रसायनतज्ज्ञ साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून होणाऱ्या संयुगांवर काम करत होते. एका नमुन्याची चाचणी घ्यायला सांगितलं, ते त्यांनी चव घ्यायला सांगितल्यासारखं ऐकलं आणि जिभेवर ठेवलं. ते सुक्रालोज होतं. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला परवानगी दिली. रेणू कर्बोदकरहित म्हणावा इतक्या थोड्या मात्रेत लागणारा; पण बाजारात तो आला तो जुन्याच साच्यात, एक ग्रॅमच्या भरीसकट.

शून्य कसं ठरलं

१९६९ हे अमेरिकी अन्नधोरणातलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी सायक्लामेट या गोडव्यावर बंदी आली आणि डिसेंबरमध्ये व्हाइट हाउसच्या पुढाकाराने अन्न आणि पोषण या विषयावर मोठी परिषद भरली. पाकिटात काय आहे ते लोकांना कळलंच पाहिजे, ही मागणी तिथे जोरात पुढे आली. १९७३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पोषणमाहितीचा तक्ता आणला, पण तो बहुतेकांसाठी ऐच्छिक होता. सक्तीचा कायदा १९९० मध्ये झाला, नियम जानेवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मे १९९४ पासून बर्की बेल्सर यांनी आखलेला तो काळ्या चौकटीचा, ठळक अक्षरांचा तक्ता दुकानांतल्या पाकिटांवर दिसू लागला. माझ्या मते लोकांच्या आरोग्यासाठी सरकारने केलेल्या चांगल्या कामांत या चौकटीची गणना व्हावी. तिने सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात आकडे दिले.

त्या नियमांत आकडे पूर्णांकात आणण्याचीही सोय होती. एका सर्व्हिंगमध्ये पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापता येतं. कर्बोदक अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य; एक ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘एक ग्रॅमपेक्षा कमी’. साखरेलाही तोच न्याय. यामागचा हेतू वाईट नव्हता. प्रयोगशाळेच्या मोजणीत थोडाफार फरक असतोच, आणि दशांशांची गर्दी वाचणाऱ्याला गोंधळात टाकते.

पण अ‍ॅटवॉटरचा ४ आणि या नियमातला ५ शेजारी ठेवून पाहा. एक ग्रॅम कर्बोदकाच्या कॅलरी ४. ४ हे ५ पेक्षा कमी. जवळजवळ शुद्ध कर्बोदक असलेली एक ग्रॅमची पुडी म्हणूनच ‘शून्य कॅलरी’ ठरते. ही मापं मुद्दाम एकमेकांत बसवली असं मी म्हणणार नाही. पुडीचं वजन नियमाच्या कितीतरी आधीचं आहे. पण नियम झाल्यावर वजन किती ठेवायचं आणि सर्व्हिंग केवढी लिहायची, याला अर्थ आला.

टिकटॅकची एक गोळी ०.४९ ग्रॅमची. तिच्या घटकांत पहिली साखर. अमेरिकेतल्या डबीवर एका गोळीच्या सर्व्हिंगला साखर शून्य, कारण अख्खी गोळीच अर्ध्या ग्रॅमच्या आतली. कॉफीत घालायच्या घट्ट क्रीमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ०.४ ग्रॅम कर्बोदक, म्हणून तेही शून्य. पण अमेरिकी मापाच्या कपभर क्रीममध्ये ते साडेसहा ग्रॅमच्या वर जातं. साखरेच्या जागी मापाने वापरायच्या सुक्रालोज भुकटीचा एक चमचा अर्ध्या ग्रॅमचा, कॅलरी शून्य. केकसाठी कपभर घेतली की चमचे होतात ४८, कर्बोदक २४ ग्रॅम आणि कॅलरी ९६. शून्याला ४८ ने गुणलं तर शून्यच यायला हवं. इथे येत नाही, कारण ते शून्य कधी शून्य नव्हतंच.

ज्यांना ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो

एक ग्रॅमने कुणाचं काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. दिवसातून एखादी पुडी घेणाऱ्याने दोन चमचे साखर टाळली, हेच खरं. पण हा आकडा ज्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यांच्याच कामाला तो येत नाही, याचं मला दुःख आहे.

१८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून आपलं वजन कसं उतरलं ते छोट्या पुस्तिकेत लिहिलं. तेव्हा ग्रॅम मोजायची गरजच नव्हती. पदार्थच वर्ज्य होते. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी, कीटोजेनिक आहार सुचवला. तिथे मात्र सगळं काट्यावर तोललं जातं. कडक प्रकारात स्निग्धांशाचं वजन प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या एकत्रित वजनाच्या चौपट राखतात. जॉन्स हॉपकिन्समध्ये पुढे आलेल्या, २००३ पासून नोंदल्या गेलेल्या सौम्य प्रकारातही मुलांना सुरुवातीला दिवसाला १० ग्रॅमच्या आसपासच कर्बोदक मिळतं. अशा मुलाला पाणी आवडावं म्हणून आईने दिवसभरात चवीच्या तीन पुड्या घातल्या, वर एक गोड सिरप औषधाचं, तर १० ग्रॅमचा मोठा वाटा शून्य म्हणून लिहिलेल्या वस्तूंतूनच जातो. आहारतज्ज्ञ म्हणूनच या पालकांना औषधांच्या, अगदी टूथपेस्टच्याही घटकांची चौकशी करायला सांगतात.

वजन उतरवण्यासाठीच्या लो-कार्ब आहाराला लोकप्रिय केलं न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकाने. या आहाराच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदक. २००० नंतर या आहाराची दुसरी लाट आली आणि पाकिटांवर ‘नेट कार्ब्ज’ दिसू लागले, म्हणजे एकूण कर्बोदकांतून तंतू आणि न पचणारे गोडवे वजा करून उरलेला आकडा. लॉरेन्स आणि मॅकॅन्सने रुग्णांसाठी केलेली विभागणी इथे विक्रीच्या कामाला आली, आणि अमेरिकेच्या प्रशासनाने या आकड्याची व्याख्या आजवर केलेली नाही. घटकांच्या यादीतही फसायला जागा आहे. माल्टोडेक्स्ट्रिन पचतं, रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन बव्हंशी पचत नाही आणि २०१८ मध्ये त्याला तंतू म्हणून मान्यता मिळाली. एका शब्दाने ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

आपल्या पाकिटावर

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत लो-कार्ब नव्हे. पण तिचा पायाच असा की मधल्या वेळात इन्सुलिन वाढवणारं काही पोटात जाऊ नये. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा असं मोजकंच चालतं. ही शिस्त निष्ठेने पाळणारा माणूस ऑफिसात मशीनच्या ‘लेमन टी’चं बटण दाबतो तेव्हा त्या प्रीमिक्समध्ये साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं, आणि ते सांगणारा तक्ता पँट्रीत ठेवलेल्या किलोच्या पिशवीवर असतो. पिणाऱ्याच्या नजरेला तो कधी पडतच नाही.

तरी आपल्या नियमांत एक मोठी जमेची बाजू आहे. एफएसएसएआय या आपल्या अन्न नियामक संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पोषणमाहिती १०० ग्रॅमला किंवा १०० मिलिलिटरला द्यायची असते. अमेरिकेत शून्य छापून येणारी पुडी इथे १०० ग्रॅमच्या रकान्यात नव्वदीच्या वरचं कर्बोदक दाखवेल. ‘शुगर फ्री’ म्हणायची मर्यादाही १०० ग्रॅमला किंवा १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम साखर अशी आहे, पुडीला नव्हे. मात्र लेबलिंगच्या त्या नियमांत एकदाच वापरायच्या पाकिटासाठी पाकिटागणिक आकडा देण्याची मुभा आहे, आणि ‘शुगर फ्री’ या दाव्याला माल्टोडेक्स्ट्रिनची आडकाठी नाही.

म्हणून वाचणाऱ्याने आधी १०० ग्रॅमचा रकाना पाहावा, सर्व्हिंगचा नंतर. ‘साखर’ सोडून ‘कर्बोदक’ वाचावं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप यांपैकी काही पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती भुकटी मुख्यतः कर्बोदकच आहे. स्वीटनर घ्यायचाच असेल तर गोळी किंवा थेंब पाहावेत. तिथे भर फार थोडी लागते किंवा लागतच नाही. आणि इन्सुलिन घेणाऱ्याने पुडी उघडण्याआधी तिचं वजन वाचावं.

पण सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणं न्याय्य नाही. टेबलावरचे स्वीटनर आणि पाण्यात घालायच्या स्वादभुकट्या एवढ्यापुरता तरी नियम बदलावा : या वस्तूंचं कर्बोदक पूर्णांकात न आणता मिलिग्रॅममध्ये छापावं. यात तांत्रिक अडचण कोणती? अ‍ॅटवॉटरच्या १८९६ च्या तक्त्यांत दशांश होते. अमेरिकेतल्या पाकिटांवर आजही, त्याच काळ्या चौकटीत, सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, कारण रक्तदाबाच्या रुग्णाला ते लागतं हे आपण मान्य केलं आहे. मधुमेहाच्या आणि अपस्माराच्या रुग्णालाही तेवढाच बारीक आकडा लागतो. तो काढलेला असतो. छापायचा तेवढा राहिला आहे.